नाक्यावर सांगता येईल असं नाव

कापूरबावडीहून जुन्या आग्रा रोडने कशेळीच्या पुलाकडे निघालं की बाळकुम नाका लागतो. आगरी-कोळ्यांचं हे जुनं गाव आता उंच टॉवरांच्या गराड्यात आहे. गावात आणि आसपासच्या पाड्यांत पाट्या वाचत फिरलं तर ‘आई एकविरा’ पावलोपावली भेटते. रेती-सिमेंटचा सप्लायर, वडापावची गाडी, लग्नाचा बँड, रिक्षाची मागची काच. कार्ल्याच्या डोंगरावरची एकविरा ही या समाजाची आई. तिचं नाव दुकानावर लावताना कुणी कुणाची परवानगी घेत नाही, आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याने तेच लावलं म्हणून कुणी भांडायलाही जात नाही. ‘साई’, ‘गणेश’, ‘जय मल्हार’ यांचंही तेच. गिऱ्हाईक दुकान ओळखतं ते मालकाच्या तोंडावरून आणि नाक्यावरच्या खुणेवरून.

वेबसाइटला नाव द्यायची वेळ आली की ही सोय संपते. ‘डॉट कॉम’च्या आधी लागणारं एक नाव अख्ख्या जगात एकालाच मिळतं. बाळकुमचा केटरर आणि अलिबागचा खानावळवाला दोघेही एकविरेचे भक्त असले तरी ते नाव दोघांतल्या एकाच्याच वाट्याला येणार, आणि बहुतेकदा ते तिसऱ्याच कुणीतरी कधीच घेऊन ठेवलेलं असतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले घरगुती उद्योग, क्लास, दवाखाने, केटरर आता वेबसाइट करू लागले आहेत. त्यांचं पहिलं अडतं ते इथेच. आणि अडलं की लोक काय करतात? वेबसाइट बनवणारा मुलगा लॅपटॉपवर दोन-चार नावं टाकून बघतो, जे मिळेल त्याला मालक ‘चालेल’ म्हणतो. लोगोच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते आणि नाव पाच मिनिटांत ठरतं. हे उलटं व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. रंग उद्या बदलता येतो. नाव बदललं तर कार्डं, पाकिटं, ईमेल, गिऱ्हाइकांच्या लक्षात बसलेलं सगळंच बदलावं लागतं.

एका नावाला एकच मालक, ही अट मुळात यंत्रांच्या गरजेतून आली. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसांच्या लक्षात नावं राहतात. अमेरिकेच्या आर्पानेटवर सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावं आणि त्यांचे आकडे एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज चालते ती डोमेन नेम सिस्टिम मांडली. नावाची शेवटची शेपटी, म्हणजे ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’, एका संस्थेच्या ताब्यात, आणि त्या शेपटीआधीचं नाव ती संस्था एकेकाला देणार. तेच नाव दोघांना दिलं तर कुठल्या यंत्राकडे जायचं हे ठरणारच नाही. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स’ हे पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं.

आपली ‘डॉट इन’ १९८९ ची. तिचा कारभार बरीच वर्षं आपल्याच मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत चालायचा. नियम इतके घट्ट की १९९२ ते २००४ या काळात सात हजारांच्या आसपासच नावं दिली गेली. २००५ मध्ये धोरण सैल केलं, निक्सी या संस्थेकडे जबाबदारी आली, आणि कुणालाही थेट ‘डॉट इन’ घेता येऊ लागलं. त्याआधी ज्यांना वेबसाइट करायची होती ते बहुतेक सगळे डॉट कॉमकडे गेले होते, म्हणून आजही आपल्याकडचा माणूस कुठल्याही नावापुढे तोंडाने डॉट कॉमच लावतो.

नावात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. लांबी त्रेसष्ट अक्षरांपर्यंत. आडवी रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. नियम एवढेच. पण मराठी माणसाची खरी अडचण ‘रोमन अक्षरं’ या दोन शब्दांत आहे.

आपण बोलतो मराठी आणि टाइप करतो रोमनमध्ये, पण मराठी रोमनमध्ये कसं लिहायचं याचा सगळ्यांनी पाळलेला नियम नाही. ठाण्याचंच बघा. १८८२ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये शेवटी ‘ए’ लावून ‘थाना’ छापलंय, आज शेवटी ‘ई’ येतो. डोंबिवलीच्या रेल्वेच्या पाटीवर ‘व्ही’ला लागून ‘एल’ येतो, पण विधानसभा मतदारसंघाच्या इंग्रजी नावात मध्ये ‘ए’ घुसतो. आता डोंबिवलीच्या एखाद्या क्लासने गावाचं नाव डोमेनमध्ये घातलं तर निम्मे पालक एक स्पेलिंग टाकणार, निम्मे दुसरं. दीर्घ आ एका ‘ए’ने लिहायचा की दोन? ‘व’ला ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’? ‘ई’ला ‘आय’ की डबल ‘ई’? एकविरा लिहिताना हाच प्रश्न पडतो आणि प्रत्येक पाटीवाला त्याचं उत्तर आपापल्या परीने देतो.

मराठीतल्या जुन्या आणि नावाजलेल्या साइटींनी हे कोडं आपापल्या पद्धतीने सोडवलंय. परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘मायबोली’ने ‘एम’नंतर दोन ‘ए’ घेतले. ‘सामना’ दैनिकानेही सुरुवातीला दोन ‘ए’ ठेवले, शेवटी मात्र एकच. ‘लोकसत्ता’ आणि ‘लोकमत’ यांनी बोलण्यात येतो तसाच ‘क’ हलका ठेवून पुढे ‘ए’ घातला नाही. पुण्याच्या ‘अनुरूप’ विवाहसंस्थेच्या डोमेनमध्ये ‘विवाह’ दोन ‘डब्ल्यू’ वापरून लिहिलाय. या संस्था मोठ्या आहेत, वर्षानुवर्षं त्यांचं नाव लोकांच्या डोळ्यांखालून गेलंय, त्यामुळे त्यांचं निभावतं. ‘मिसळपाव’ला तर हा प्रश्न फारसा पडलाच नाही, कारण तो शब्द रोमनमध्ये बहुतेक सगळे एकसारखाच लिहितात. नव्याने दुकान थाटणाऱ्याने शब्द निवडावा तो असा.

यावर एक साधी परीक्षा आहे. बाळकुमात वेबसाइटी बनवणारा एक तरुण ती प्रत्येक गिऱ्हाइकाकडून करून घेतो. घरगुती आगरी मसाला विकणाऱ्या गावातल्या एका काकींच्या ओट्यावर ती चालू असताना मी तिथे होते. बाजूला तळलेल्या मिरच्यांचा ठसका, आणि हा मोबाइल स्पीकरवर टाकून बसलेला. काकींच्या मनात ‘आगरी स्वाद’ हे नाव होतं. त्याने काकींना सांगितलं, “काकी, कल्याणच्या बहिणीला फोन लावा. नाव एकदाच सांगा. स्पेलिंग सांगायचं नाही. तिने ऐकलं तसं टाइप करून पाठवायला सांगा.” मग मुंब्र्याच्या भाचीला, मग टॉवरमधल्या एका गिऱ्हाइकाला. उत्तरं आली ती तीन तऱ्हेची. एकीने ‘स्वाद’मध्ये डबल ‘ए’ घातला, दुसरीने ‘व’ला ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ लावला, टॉवरमधल्या गिऱ्हाइकाने ‘आगरी’ची सुरुवातही डबल ‘ए’ने केली. काकींचा चेहरा पडला.

दुसरं नाव ‘बाळकुम मसाला’. ऐकून सगळ्यांनी दोन शब्द नीट लिहिले, पण डोमेनमध्ये मोकळी जागा सोडता येत नाही. जोडून लिहिलं की ‘बाळकुम’चा शेवटचा ‘एम’ आणि ‘मसाला’चा पहिला ‘एम’ शेजारी येतात, आणि घाईत टाइप करणारा एकच टाकतो. मध्ये आडवी रेघ घालावी तर फोनवर तिला कुणी डॅश म्हणतं, कुणी हायफन, कुणी मायनस, आणि कुणी ती विसरूनच जातं. तरुणाने रेघेला साफ नकार दिला. त्याचं मला पटलं.

तेवढ्यात काकीच बोलल्या, “अरं बाला, लोक इचारतान कुठला मसाला? मी सांगतंय, बालकुमचा.”

तिथेच नाव ठरलं. नेमकं डोमेन इथे छापत नाही, पण ते ‘बाळकुमचा’ या शब्दावर उभं आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्यामुळे रोमनमध्ये ‘एल’ लिहिताना त्यांना काही गमावल्यासारखं वाटत नाही. मसाल्यावरच अडकलेलं नाव नाही म्हणून उद्या सुकट, पापड, तांदळाच्या भाकरीचं पीठ विकायचं झालं तरी ते पुरेल. मेट्रो ५ च्या मार्गावर बाळकुम नाका हे स्थानक ठरलेलं आहे, तेव्हा गावाच्या नावाचं एक स्पेलिंग रोज हजारो लोकांच्या नजरेत बसणार आहे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टॉवरांच्या इंग्रजी नावांत हे गाव पुसट होत चाललेलं असताना एका आगरी बाईच्या मसाल्याच्या पाकिटावर ते ठळक छापलं जाईल. गावाचं नाव घेण्यात एक तोटाही आहे, तो तरुणाने काकींना स्पष्ट सांगितला. धंदा नाशिकला किंवा नागपूरला गेला तर तिथल्या लोकांना बाळकुम कळणार नाही. काकी म्हणाल्या, कळेल. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी असं म्हणून आपण मसाले विकत घेतोच.

बरेच जण सुचवतात की नावातच ‘बेस्ट’, ‘केटरर’, ‘ठाणे’ असे शोधले जाणारे शब्द कोंबा, म्हणजे गुगल वर दाखवेल. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये गुगलने शोधशब्दांशी हुबेहूब जुळणारं नाव आणि हलका मजकूर असलेल्या साइटींना वर येण्यापासून रोखणारा बदल केला. त्यानंतर या युक्तीत फार अर्थ उरलेला नाही, पण सल्ला अजून फिरतोच आहे. अशी लांबलचक नावं फोनवर सांगता येत नाहीत आणि लक्षातही राहत नाहीत.

आता शेपटी कुठली घ्यायची. याबाबत ‘तरुण भारत’ची गोष्ट बोलकी आहे. या नावाची दैनिकं एकाहून जास्त. बेळगावच्या ‘तरुण भारत’कडे डॉट कॉम, नागपूरच्या ‘तरुण भारत’कडे डॉट नेट, आणि ‘मुंबई तरुण भारत’ने ‘महा’पुढे आपली तीन आद्याक्षरं लावून वेगळंच नाव घेतलं. कागदावर तिन्ही मास्टहेड आपापल्या गावात सुखाने नांदतात. इंटरनेटवर मात्र वाचकाला कुठला ‘तरुण भारत’ हवा ते शेपटीवरून लक्षात ठेवावं लागतं. नव्या माणसाने ही वेळ आपल्यावर येऊ देऊ नये. डॉट कॉम दुसऱ्या कुणाच्या चालत्या धंद्याकडे असेल तर तेच नाव डॉट इनमध्ये घेऊन समाधान मानू नये, सरळ नाव बदलावं. दोन्ही मोकळे असतील तर दोन्ही घ्यावेत. त्यापलीकडे दहा शेपट्या गोळा करायची गरज छोट्या दुकानदाराला नसते, विकणारे काहीही सांगोत. ‘डॉट को’ कोलंबिया देशाची आणि ‘डॉट एआय’ कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाची. त्यांचे दर आणि नियम तिकडे ठरतात. फुकट मिळणाऱ्या शेपट्यांच्या तर वाटेलाच जाऊ नये. ‘डॉट टीके’सारखी नावं फुकट वाटणाऱ्या फ्रीनॉम कंपनीवर मेटाने दावा लावला, २०२३ मध्ये कंपनीने नवी नोंदणी थांबवली आणि पुढे या धंद्यातूनच बाहेर पडली.

शेपटीला वजन येतं ते तिच्यामागे कोण उभं आहे त्यावरून. ठाणे महापालिकेच्या साइटीच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ दिसतं, ते खाजगी माणसाला मिळतच नाही. बँकांचंही आता तसंच झालंय. बनावट साइटींनी लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. ही नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे. हुकूम सहकारी बँकांनाही लागू असल्याने ठाणे जनता, कल्याण जनता, डोंबिवली नागरी या आपल्या भागातल्या बँकांचे खातेदारही यात आले. घरातल्या आजी-आजोबांना एवढं एक जरूर सांगा: बँकेची साइट उघडताना नाव कुठे संपतंय ते बघा.

दुसऱ्याच्या नावाजवळ जाणारं नाव घेऊन आपली पोळी भाजून घेण्याचा मोह जुना आहे, आणि त्यावरचा एक महत्त्वाचा निकाल मुंबईचाच. ‘रेडिफ’ कंपनीच्या नावात दुसरं अक्षर ‘ई’. दुसऱ्या एका कंपनीने त्याजागी ‘ए’ घालून ‘रॅडिफ’ नोंदवलं. आमचं नाव वेगळ्या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून तयार झालंय, असा बचाव केला गेला. एप्रिल १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित शहा यांनी तो मानला नाही. डोमेन हा नुसता पत्ता नसून धंद्याची ओळख आहे, तिला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं, अशी भूमिका घेऊन मनाई हुकूम दिला. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हीच दिशा धरली. तेव्हा नाव मोकळं दिसतंय म्हणजे ते घ्यायला आपण मोकळे आहोत, असं नाही. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटीवर नाव शोधून बघायला पैसे पडत नाहीत. ते आधी करावं.

मग मराठी माणसाने सरळ देवनागरीतच नाव का घेऊ नये? घेता येतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ देवनागरीत सुरू झालं. हिंदी, मराठी, कोकणी, बोडो, डोगरी, मैथिली, नेपाळी, सिंधी अशा आठ भाषांसाठी. या कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा आहे. आतून यंत्रणा रोमनच राहते. देवनागरी नावाचं रोमन अक्षरांच्या एका ओळीत रूपांतर होतं आणि तीच ओळ जगभर फिरते. वाचणाऱ्याला मात्र देवनागरी दिसते.

मराठीच्या काही खास गाठी इथेही आहेत. ‘ॲकॅडमी’तला ‘ॲ’ एका अक्षराने लिहिता येतो, तसाच ‘अ’वर चंद्र ठेवूनही. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. ‘दऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. तो काही कीबोर्डांवर न दिसणारं एक जोडचिन्ह घालून उमटवतात, आणि तशा चिन्हांना डोमेनच्या नियमांत सहसा थारा नसतो. देवनागरीतून घ्यायचं असेल तर असे शब्द टाळून ‘मसाला’, ‘कमळ’, ‘पाऊस’ असे निर्धोक शब्द निवडावेत. माझं मन देवनागरीकडेच ओढतं. ऐकलं तसं लिहावं, हे मराठीला सहज जमतं आणि स्पेलिंगचा सगळा घोळ तिथे मिटतो. पण देवनागरी ईमेल बरेच ऑनलाइन फॉर्म अजून स्वीकारत नाहीत, आणि पाकिटावरचं नाव बघून टाइप करताना माणूस कीबोर्ड बदलायला कंटाळतो. म्हणून आजच्या घडीला रोमन नाव मुख्य ठेवून देवनागरी जोडीला घ्यावं, आणि दोन्ही एकाच साइटीवर न्यावीत. काकींना मी हेच सुचवलं.

एक गोष्ट मात्र चांगल्या नावापेक्षाही मोठी आहे, आणि आपल्या भागात सर्वाधिक नुकसान तिच्यामुळे होतं. नाव कुणाच्या नावावर आहे? डोंबिवली पूर्वेला शाळकरी मुलांचे क्लास घेणाऱ्या एका सरांनी वेबसाइट करून घेतली ती ओळखीच्या मुलाकडून. त्याने डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. सरांना वाटलं, पैसे आपण दिले म्हणजे नाव आपलं. पुढे मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याने तो ईमेल बघणं सोडलं. मुदत संपत आल्याच्या सूचना तिथेच पडून राहिल्या. डॉट कॉम नावाची मुदत संपली की साधारणपणे काही आठवडे नेहमीच्या दराने, मग महिनाभर जादा दंड भरून ते परत घेता येतं. त्यानंतर ते पुन्हा बाजारात येतं. सरांना हे कळलं तेव्हा ते बाजारातून उचललंही गेलं होतं, आणि क्लासच्या जुन्या पत्रकावरचं नाव टाइप केलं की जुगाराची साइट उघडत होती. पालकांचे फोन सुरू झाले.

यात कुणी लबाडी केली नव्हती. पण कायद्याने आणि यंत्रणेनेही नाव त्याचंच, ज्याच्या नावावर नोंद. म्हणून डोमेन घेताना खातं मालकाच्या नावाचं हवं, ईमेल मालकाचा, ओटीपी येणारा मोबाइल मालकाचा, कार्ड किंवा यूपीआयही मालकाचंच. बनवणाऱ्याला साइटीच्या आत कामापुरता प्रवेश द्यावा. ज्यांचं नाव आज दुसऱ्याच्या खात्यात आहे त्यांनी संबंध चांगले असतानाच ते आपल्याकडे मागून घ्यावं. त्यासाठी एक हस्तांतराचा कोड लागतो, तो खातेदाराला मागता येतो. नूतनीकरण दहा वर्षांपर्यंत एकदम भरता येतं. पहिल्या वर्षी दोनशे-तीनशेत मिळणारं नाव पुढच्या वर्षी हजाराच्या घरात जातं, तेव्हा घेतानाच पुढचा दर विचारावा.

सरांनी नवं नाव घेतलं. आडनाव आणि क्लास असं साधं, फोनवर एकदा सांगितलं की कळणारं. पत्रकं पुन्हा छापली. जुन्या पालकांना एकेकाला मेसेज केले. दर वर्षीच्या दहावीच्या निकालानंतर गुमास्ता, लाइट बिल, मालमत्ता कराच्या पावत्यांची फाइल ते एकदा चाळतात; तिच्यात आता डोमेनची पावतीही लावलेली आहे, स्वतःच्या नावाची, पाच वर्षांची.